रोकड किती, कार्डावर किती? परदेशप्रवासातल्या पैशांबद्दल वाचकांचे प्रश्न

परदेशी जाताना पैसे कसे न्यावेत, यावर आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे दिली आहेत. हिशेबातले दर समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. निघायच्या आठवड्यातला दर आणि त्या वेळचा नियम आपल्या बँकेत किंवा मनी चेंजरकडे विचारूनच व्यवहार करावा.

प्रश्न : आम्ही दोघे आणि दोन मुले सहा दिवसांसाठी थायलंडला जात आहोत. विमान, हॉटेल, फिरायच्या गाड्या यांचे पैसे टूरवाल्याकडे भरून झाले आहेत. वरखर्चाला बाट इथूनच न्यावेत की डॉलर? आणि रोख किती ठेवावी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बहुतेक रक्कम डॉलरमध्ये न्या आणि पहिल्या रात्रीपुरते दोन हजार बाट इथून घ्या.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या कुठल्याही देशाच्या वेळी उपयोगी पडेल. मनी चेंजरला एकच दर विचारू नका. ‘देताना काय आणि परत घेताना काय’ असे दोन्ही दर विचारा. समजा तो डॉलर ९१ रुपयांना देतो आणि ८८ ला परत घेतो. मधला दर साडेएकोणनव्वद. म्हणजे एका डॉलरमागे दीड रुपया, पावणेदोन टक्क्यांच्या आत, तुम्ही नुसते बदलण्यापोटी दिलात. आता त्यालाच बाटचा भाव विचारा. तो ३ रुपयांना देतो आणि अडीचला परत घेतो असे निघाले, तर मधला दर पावणेतीन रुपये, आणि बाटमागे पंचवीस पैसे, म्हणजे नऊ टक्के गेले. डॉलर, युरो, पौंड, दिरहम, सिंगापूर डॉलर यांची आपल्याकडे रोजची उलाढाल असते, म्हणून त्यांच्या दोन दरांतले अंतर कमी. बाट, व्हिएतनामचा डाँग, इंडोनेशियाचा रुपिया यांना गिऱ्हाईक कमी; नोटा पडून राहण्याचा धोका मनी चेंजर तुमच्याकडून वसूल करतो.

डॉलर नेऊन बँकॉकमध्ये बाट घेतले तर पैसे दोनदा बदलतात हे खरे. तरीही दोन्ही वेळची मिळून घट कमी भरते, कारण तिथल्या चांगल्या मनी चेंजरकडे डॉलर आणि बाट यांच्या दरांतले अंतर फारच थोडे असते. सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडल्यावर समोर दिसणाऱ्या बँकांच्या खिडक्यांवर थांबू नका. सर्वांत खाली, शहरात जाणाऱ्या रेल्वेच्या मजल्यावर मनी चेंजर आहेत, त्यांचा दर बराच बरा असतो. पासपोर्ट दाखवावा लागतो. डॉलर शंभरच्या नोटांत न्या. तिथे १, ५, १०, २० च्या नोटांना दर मुद्दाम कमी लावतात आणि तो फलकावर वेगळा लिहिलेलाही असतो.

इथे डॉलर घेताना पासपोर्ट, तिकीट, लागू असेल तर व्हिसा आणि पॅन लागते. रुपये रोख देऊन ५०,००० पर्यंतचेच परकी चलन मिळते. त्यापुढे चेक, कार्ड किंवा खात्यातून पैसे द्यावे लागतात. बहुतेक देशांसाठी एका प्रवाशाला एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, उरलेले फॉरेक्स कार्डात, म्हणजे आधीच परकी चलन भरून ठेवलेल्या कार्डात. जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या खरेदीत रकमेच्या एक टक्का हे मूल्य धरून त्यावर १८ टक्के लागतात. म्हणजे ५०,००० रुपयांवर ९० रुपये. कमीत कमी ४५. पावतीवर यापेक्षा फार मोठा आकडा ‘टॅक्स’ म्हणून दिसला तर त्यात आणखी काय मिळवले आहे ते विचारा.

काउंटरवरच प्रत्येक डॉलर उजेडात धरून बघा. कोपरा फाटलेला, टाचणीची भोके पडलेली, पेनने आकडा टाकलेला किंवा शिक्का मारलेला असेल तर बदलून मागा. अमेरिकेत अशी नोट चालते. बँकॉक, बाली किंवा कंबोडियात ती हमखास परत येते. शंभराची नोटही २०१३ पासूनची, निळी पट्टी असलेलीच घ्या. जुन्या नोटा अमेरिकेने रद्द केलेल्या नाहीत, पण आग्नेय आशियात त्या घ्यायला खळखळ करतात.

रोख किती? बाजार, रस्त्यावरचे खाणे, टुकटुक आणि मसाज हे सगळे रोखीवर चालते. चौघांना दिवसाला दोन ते अडीच हजार बाट धरा. सहा दिवसांचे पंधरा हजारांच्या आत बसते, त्यासाठी ५०० डॉलर पुरेत. मॉलमधली खरेदी कार्डावर. तिथल्या एटीएममधून काढायचे झाले तर परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त आकार कापला जातो, आणि तो हजार काढा की वीस हजार, तेवढाच असतो. म्हणून थोडे थोडे काढणे महागात जाते.

प्रश्न : युरोपात कार्ड दिल्यावर मशीनवर ‘रुपयांत भरायचे की युरोत?’ असे विचारतात म्हणे. रुपयांत भरले तर आकडा लगेच कळतो, मग तेच सोयीचे नाही का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. प्रत्येक वेळी त्या देशाचे चलन निवडा. फ्रान्समध्ये युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, प्रागमध्ये कोरुना.

रुपये निवडले की बदलाचा दर तुमची बँक लावत नाही. दुकानाच्या मशीनमागची कंपनी लावते, आणि त्यात तिचा व दुकानदाराचा वाटा असतो. समजा युरो १०० रुपयांना आहे आणि बिल ८० युरोचे. मशीनच्या पडद्यावर ८,००० ऐवजी ८,४०० किंवा ८,५०० रुपये दिसतील. कमिशन नाही, असेही लिहिलेले असेल. ते दरातच मुरलेले असते. शिवाय व्यवहार परदेशातला असल्यामुळे आपल्या काही बँका रुपयांत झालेल्या अशा व्यवहारावरही वेगळा आकार लावतात. म्हणजे सोय म्हणून घेतले आणि दोन्हीकडून कापले गेले.

अडचण अशी की निवडायची संधी अनेकदा तुम्हाला मिळतच नाही. वेटर मशीन हातात धरून बटण दाबून मोकळा होतो. म्हणून कार्ड देतानाच ‘युरो’ एवढा शब्द स्पष्ट म्हणा आणि टॅप करण्याआधी पडद्यावर चलनाचे चिन्ह बघा. चूक झालीच तर टेबल सोडण्याआधी तो व्यवहार रद्द करून नव्याने करायला सांगा. तिथल्या तिथे ते होते. हॉटेलवर परतल्यावर बँकेला फोन करून सहसा काही होत नाही, कारण स्लिपवर ‘ग्राहकाने पर्याय निवडला’ असे छापलेले असते.

एटीएमवर हाच प्रश्न जास्त घाबरवणाऱ्या भाषेत येतो. दर दाखवून ‘हा दर मान्य’ आणि ‘अमान्य’ अशी दोन बटणे देतात. अमान्य दाबले तर पैसे मिळणार नाहीत असे वाटते आणि लोक मान्य दाबतात. अमान्य केल्याने फक्त त्यांचा दर नाकारला जातो. पैसे मिळतात आणि बदल तुमच्या बँकेच्या दराने होतो. पर्यटकांच्या गल्लीत भिंतीला लावलेली, कुठल्याच बँकेच्या शाखेला न जोडलेली एटीएम यात फार पुढे असतात. शाखेच्या दारातले एटीएम शोधा.

आणखी एक, जे पुण्यात बसूनही होते. परदेशी संकेतस्थळावर हॉटेल किंवा तिकीट घेताना किंमत रुपयांत दिसते, तरी विकणारी कंपनी परदेशात नोंदलेली असेल तर तुमची बँक तो व्यवहार आंतरराष्ट्रीयच धरते. कार्डाच्या पत्रकात त्याखाली वेगळा आकार दिसला तर तो या कारणाने आलेला असतो.

प्रश्न : फॉरेक्स कार्ड घ्यावे की आपले नेहमीचे क्रेडिट कार्ड चालेल? व्हिएतनामला जायचे आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी क्रेडिट कार्डाच्या आकारांच्या तक्त्यात ‘परकी चलन मार्कअप’, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार, किती टक्के आहे ते पाहा. अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एक लाखाच्या खर्चावर ३,५०० अधिक ६३०, म्हणजे ४,१३० रुपये. मार्कअप नसलेली किंवा दोन टक्क्यांच्या आतली कार्डेही मिळतात. असे कार्ड हाताशी असेल तर खरेदीसाठी फॉरेक्स कार्डाची गरज फारशी उरत नाही. मात्र क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नका. काढण्याचा आकार वेगळा आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू.

फॉरेक्स कार्डाचा फायदा हा की दर भरण्याच्या दिवशीच ठरतो आणि कार्ड चोरीला गेले तर तुमचे मूळ खाते उघडे पडत नाही. पण व्हिएतनामच्या बाबतीत त्यात एक खाच आहे. बहुतेक कार्डांत डाँग भरता येत नाही, म्हणून लोक डॉलर भरतात. हनोईत ते कार्ड चालवले की कार्ड डॉलरचे डाँग करते, आणि ‘भरलेले चलन एक, खर्चाचे दुसरे’ या कारणाने आकार लावते. तोही कित्येकदा साडेतीन टक्क्यांचाच. म्हणजे रुपयांचे डॉलर करताना एक कात्री, डॉलरचे डाँग करताना दुसरी. युरोपसाठी युरो, दुबईसाठी दिरहम भरलेले कार्ड उत्तम. ज्या देशाचे चलन कार्डात भरता येत नाही तिथे कमी मार्कअपचे क्रेडिट कार्ड आणि रोख डॉलर. काही फॉरेक्स कार्डांवर हा दुसरा आकार लावत नाहीत. घेताना नेमका तोच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी तक्त्यात दाखवायला सांगा.

प्रश्न : बाली, हनोई, प्राग इथले मनी चेंजर फसवतात असे ऐकतो. नेमके कसे फसवतात? (दोन वाचक, सांगली आणि डोंबिवली)

उत्तर : तिन्हीकडच्या तऱ्हा वेगळ्या आहेत.

बालीत हातचलाखी चालते. १०० डॉलरचे सोळा लाखांच्या आसपास रुपिया होतात. लाखाच्या लाल नोटा दिल्या तर सोळा नोटांत काम आटोपते. फसवणारा मात्र वीस हजारांच्या हिरव्या नोटा काढतो, ऐंशी नोटा. टेबलावर दहा-दहांच्या चळती लावतो, तुमच्यासमोर मोजतो, तुम्हीही मोजता, हिशेब बरोबर येतो. मग ‘एकदा सारख्या करून देतो’ म्हणत गठ्ठा स्वतःकडे ओढतो, आणि टेबलाच्या कडेला आपटून सरळ करताना मागच्या मागे आठ-दहा नोटा खाली सोडतो. मोजून झालेलेच असते, म्हणून पुन्हा कोणी मोजत नाही. यावर उपाय एकच : नोटांना शेवटचा हात तुमचा लागला पाहिजे. तुम्ही मोजल्यानंतर त्याने गठ्ठ्याला बोट जरी लावले तरी पुन्हा पहिल्यापासून मोजा, आणि तोवर डॉलर आपल्याच हातात ठेवा. मोठ्या नोटा मागा. ‘नाहीत’ म्हणाला तर उठा. फलकावरचा दर शेजाऱ्यांपेक्षा ठळक जास्त असेल तर ते दुकान आधीच वगळा. इंडोनेशियाच्या मध्यवर्ती बँकेचा परवाना असलेल्या दुकानावर ‘पीव्हीए बेरिझिन’ असे लिहिलेले हिरवे चिन्ह असते. कपड्यांच्या किंवा भेटवस्तूंच्या दुकानातला कोपरा म्हणजे मनी चेंजर नव्हे.

हनोईत घोटाळा नोटांच्या रंगाचा आहे, आणि कित्येकदा फसवणारा कोणी नसतोच, आपणच चुकतो. पाच लाख डाँगची नोट निळी आणि वीस हजारांचीही निळी. दोन्ही प्लास्टिकसारख्या गुळगुळीत, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचे चित्र. रुपयामागे तीनशे डाँग धरले तर एक नोट सुमारे १,६५० रुपयांची आणि दुसरी ६५ रुपयांची. रात्री टॅक्सीच्या अंधुक उजेडात त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. शून्ये मोजा : पाच लाखांवर पाच, वीस हजारांवर चार. किंवा नोट उलटा : वीस हजारांच्या मागे होई आनचा छप्पर असलेला जपानी पूल आहे, पाच लाखांच्या मागे हो ची मिन्ह यांचे जन्मघर. तपकिरी छटेच्या नोटांचेही तसेच आहे, दहा हजार आणि दोन लाख. सगळ्यांत चांगले म्हणजे पाच आणि दोन लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि टॅक्सीवाल्याला देताना रक्कम तोंडाने म्हणत द्या.

प्रागमध्ये खोटे काही नसते, बारीक अक्षरांत सगळे लिहिलेले असते. मोठ्या अक्षरांतला दर एक तर त्यांनी तुम्हाला युरो विकण्याचा असतो, किंवा फार मोठ्या रकमेलाच लागू असतो. आधी ‘१०० युरोचे मला हातात किती कोरुना?’ असे विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. फसल्याचे लक्षात आले तर चेक कायद्यात सोय आहे : एप्रिल २०१९ पासून १,००० युरोपर्यंतचा रोख बदल तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो आणि पैसे परत द्यावेच लागतात. म्हणून पावती टाकू नका. रस्त्यात गाठून ‘चांगला दर देतो’ म्हणणाऱ्याकडून मात्र काहीच परत मिळत नाही. तो दुसऱ्याच देशाच्या, कोरुनासारख्या दिसणाऱ्या आणि बाद झालेल्या नोटा हातात ठेवतो.

प्रश्न : मुलाकडे लंडनला निघालो आहोत. मागच्या खेपेला आमचे डेबिट कार्ड तिथे चाललेच नाही. ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, कार्ड टॅप करून जाता येते का? आणि कपाटात २० पौंडांच्या जुन्या कागदी नोटा आहेत, त्या चालतील का? (ज्येष्ठ दांपत्य, ठाणे)

उत्तर : कार्डात दोष नसावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवे कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांसाठी चालू स्थितीत मिळते. परदेशातला वापर तुम्हाला स्वतः चालू करावा लागतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या पानावर ‘आंतरराष्ट्रीय वापर’ म्हणून तीन-चार बटणे असतात : एटीएम, दुकानातले मशीन, ऑनलाइन आणि टॅप. चारही वेगळी चालू करावी लागतात, आणि प्रत्येकासमोर रोजची मर्यादा असते, ती शून्यावर किंवा फार खाली असू शकते. निघण्याच्या आदल्या दिवशी हे करून ठेवा, कारण परदेशातून अ‍ॅप उघडताना आपल्या सिमवर एसएमएस यावा लागतो. त्यासाठी भारतीय सिमचे रोमिंग इथूनच चालू करून घ्या.

ट्यूबमध्ये आणि बसमध्ये टॅप चालतो. दोघांनी दोन वेगळी कार्डे वापरायची. एका कार्डावर दोघे जाता येत नाही. ज्या कार्डाने आत गेलात त्यानेच बाहेर पडा. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना तेच कार्ड बसवलेला फोन असे केले तर यंत्रणेला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडे पडते. दिवसभराचे भाडे एका रकमेत कापले जाते आणि त्याला रोजची कमाल मर्यादा असते. बसमध्ये उतरताना टॅप करायचे नसते, आणि रोख तर बसमध्ये घेतच नाहीत.

कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. पण त्यांचे पैसे बुडाले नाहीत. बँक ऑफ इंग्लंड जुन्या नोटा कायम बदलून देते, लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या खिडकीवर किंवा टपालाने. नोटा बरोबर न्या आणि मुलाला आधी त्याच्या तिथल्या बँकेत विचारायला सांगा. खात्यात भरून घेतल्या तर तेच सोपे.

प्रश्न : अमेरिकेत हॉटेलने फॉरेक्स कार्डातून बिलाखेरीज २०० डॉलर अडकवले. पेट्रोल पंपावरही कार्ड चालले नाही. का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : हॉटेल आणि भाड्याच्या गाडीवाले अनामत म्हणून रक्कम रोखून धरतात. क्रेडिट कार्डावर त्याने फक्त मर्यादा कमी होते. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर मात्र तुमचेच पैसे अडकतात, आणि खोली सोडल्यावर ते सुटायला आठवडा ते महिनाही लागतो. म्हणून काउंटरवर पहिल्यांदा क्रेडिट कार्ड द्या आणि निघताना बिल फॉरेक्स कार्डाने भरा. गाडी भाड्याने घ्यायची तर गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड लागते, असे धरून चला.

पंपावर मशीन कार्डाच्या पत्त्याचा पाच अंकी झिप कोड मागते. आपला पिनकोड सहा अंकी, म्हणून ते नाकारते. आत जाऊन पंपाचा क्रमांक आणि रक्कम सांगा, ‘चार नंबर, ४० डॉलर’. टाकी आधी भरली तर उरलेले कार्डावर परत येतात. उपाहारगृहात आधी ५० डॉलरचा आणि दोन दिवसांनी ६० डॉलरचा संदेश आला तरी घाबरू नका. तुम्ही स्लिपवर लिहिलेली टिप मिळवून पक्का झालेला तो एकच व्यवहार असतो.

प्रश्न : परदेशातल्या एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून पैसे गेले. काय करावे? (एक वाचक, औरंगाबाद)

उत्तर : तिथल्या बँकेशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, तक्रार आपल्याच बँकेत करायची असते. यंत्राने दिलेली स्लिप जपा. स्लिप नसेल तर यंत्रावरचा क्रमांक, पडदा आणि आजूबाजूची पाटी यांचा फोटो घ्या, स्थानिक वेळ लिहून ठेवा. बरेचदा दोन-चार दिवसांत रक्कम आपोआप परत येते, पण त्याची वाट पाहत तक्रार लांबवू नका. अ‍ॅपमधून किंवा ईमेलने तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. देशातल्या एटीएमसाठी पाच दिवसांनंतर दिवसाला १०० रुपये भरपाईचा जो नियम आहे, तो देशातल्या व्यवहारांपुरताच आहे. परदेशातली तक्रार कार्ड कंपनीमार्फत त्या बँकेकडे जाते, म्हणून महिना-दीड महिना लागू शकतो. थोडेच पैसे आले असतील तर तक्रारीत ‘किती मागितले, किती मिळाले’ असे दोन्ही आकडे लिहा.

प्रश्न : मुलगी एकटीच जपानला जाते आहे. पाकीट हरवले तर आम्ही इथून तिला पैसे कसे पाठवायचे? (एक पालक, रत्नागिरी)

उत्तर : इथे बहुतेक पालकांचा गैरसमज असतो, म्हणून सविस्तर लिहितो. परदेशातून भारतात पैसे पाठवताना नाव आणि क्रमांक सांगून रोख मिळते, ती सोय सगळ्यांना माहीत आहे. पण रिझर्व्ह बँकेने ती भारतात येणाऱ्या पैशांपुरतीच ठेवली आहे. इथून बाहेर त्या मार्गाने पाठवता येत नाही. बँकेतून परदेशी पाठवायचे तर तिचे तिथे खाते हवे, आणि दोन-चार दिवस जातात. अडचणीच्या वेळी खरे उपयोगी पडते ते तिच्या नावाचे फॉरेक्स कार्ड, कारण त्यात तुम्ही इथून काही तासांत पैसे भरू शकता. काही बँका एका खात्यावर दोन कार्डे देतात. दुसरे कार्ड पाकिटात न ठेवता बॅगेच्या तळाशी ठेवायला सांगा. तिथे नातेवाईक किंवा ओळखीचे असतील तर ते तिला रोख देऊ शकतात.

निघताना तिने तीन ठिकाणी पैसे ठेवावेत : पाकिटात एका दिवसापुरते आणि एक कार्ड, अंगावरच्या पिशवीत पासपोर्ट आणि डॉलर, बॅगेत दुसऱ्या बँकेचेही एक कार्ड. सगळी कार्डे एकाच बँकेची नकोत. बँकेची यंत्रणा बंद पडली तर सगळी एकदम बंद. बँकेचा १८०० ने सुरू होणारा मोफत क्रमांक परदेशातून सहसा लागत नाही. अधिक ९१ ने सुरू होणारा साधा क्रमांक कागदावर लिहून द्या. कार्ड गेल्याचे कळताच अ‍ॅपमधून ते बंद करायचे आणि तक्रार क्रमांक घ्यायचा. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा गैरव्यवहारात बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार पडत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक सांगते. पिन कार्डासोबत लिहून ठेवलेला असेल तर मात्र कळवेपर्यंतचे नुकसान स्वतःचे.

जपानमध्ये परदेशी कार्ड सगळ्या बँकांच्या एटीएमवर चालत नाही. सेव्हन-इलेव्हन दुकानांतली एटीएम चालतात आणि ती गल्लोगल्ली आहेत. रेल्वेच्या कार्डात पैसे भरायला बहुतेक यंत्रांवर रोख येनच लागतात, तेव्हा हजाराच्या काही नोटा कायम जवळ हव्यात.

प्रश्न : मुलाच्या युरोप सहलीसाठी तीन लाख रुपये फॉरेक्स कार्डात भरायचे आहेत. त्यावर २० टक्के कर कापला जाईल असे कोणी सांगितले. खरे आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तीन लाखांवर नाही. एप्रिल २०२५ पासून एका व्यक्तीने एका आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेली, कार्डात भरलेली आणि रोख चलनात बदललेली रक्कम मिळून दहा लाखांच्या वर गेली, तरच प्रवासखर्चासाठी वरच्या भागावर २० टक्के टीसीएस, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच बँकेने गोळा करायचा कर, लागतो. बारा लाख झाले तर दोन लाखांवर ४०,००० रुपये. तो खर्च नसून पॅनवर जमा होणारा आगाऊ कर आहे. तुमच्या वार्षिक करपत्रकात दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. टूर कंपनीच्या संपूर्ण पॅकेजचा हिशेब वेगळा असतो, तिथे पहिल्या रुपयापासून टीसीएस लागतो. परदेशात क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या या दहा लाखांत धरत नाहीत. डेबिट कार्डाचा धरतात.

प्रश्न : यूपीआय परदेशात चालते ना? मग एवढी यातायात कशाला? (एक वाचक, लातूर)

उत्तर : भूतान, नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, फ्रान्स, श्रीलंका, मॉरिशस, कतार अशा देशांत काही ठिकाणी चालते; आयफेल टॉवरचे तिकीटही यूपीआयने काढता येते. पण ‘काही ठिकाणी’ हे शब्द लक्षात ठेवा. अ‍ॅपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ पर्याय चालू करावा लागतो आणि तो ठरावीक मुदतीनंतर आपोआप बंद होतो. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर रुपयांतला आकडा दिसतो, त्यात दर आणि आकार धरलेला असतो. चालले तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर कार्ड घरी ठेवू नका.

प्रश्न : दुबईहून परतलो, ३,००० दिरहम आणि मूठभर नाणी उरली आहेत. घरात ठेवणे बेकायदा आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : दिरहम डॉलरला ३.६७२५ या ठरलेल्या दराने बांधलेला आहे, म्हणजे तुमच्याकडे साधारण ८१७ डॉलरचे चलन आहे. पुढच्या प्रवासासाठी २,००० डॉलरपर्यंतच्या परकी नोटा घरात ठेवता येतात. त्यावरचे असेल तर परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला किंवा अधिकृत मनी चेंजरला विकावे लागते. विकताना घेतल्याची पावती दाखवली तर काही मनी चेंजर थोडा बरा दर देतात. पुन्हा दुबईला जायचे असेल तर मुळीच विकू नका. विकताना एकदा आणि पुन्हा घेताना एकदा, असे दोनदा पैसे जातील. येताना ५,००० डॉलरवरच्या परकी नोटा, किंवा नोटा आणि प्रवासी धनादेश मिळून १०,००० डॉलरच्या वर असते, तर विमानतळावर कस्टम्सकडे लिहून द्यावे लागले असते. तुमच्या रकमेला ते लागू नाही. भारतीय रुपये मात्र जाताना-येताना २५,००० पर्यंतच जवळ ठेवता येतात. विमानतळावरून घरी यायच्या टॅक्सीसाठी थोडे ठेवाच.

नाणी ठेवण्यावर बंधन नाही, पण ती इथे कोणी विकतही घेत नाही. पुढच्या वेळी परतीच्या आदल्या दिवशीच पिशवी मोकळी करा. विमानतळावरच्या काउंटरवर सगळी नाणी आधी पुढे ठेवून ‘एवढे यात, उरलेले कार्डावर’ असे सांगा. बिल असे दोन भागांत घ्यायला ते सहसा नाही म्हणत नाहीत.